खिंडीतला बर्फ

जौकला रोकायाने बावीस वर्षं लशींचा डबा पाठीवर वाहिला. नेपाळातल्या मुगूच्या त्या वरच्या गावांत डॉक्टर सोडाच, कंपाउंडरही फिरकत नसे. पौष-माघात खिंड कमरेइतक्या बर्फात बुडाली की भलेभले चुलीला चिकटून बसत, आणि ही बया डबा बांधून निघे. नवरा ओरडायचा, "मरशील एखाद दिवशी!" ती म्हणायची, "मेले तर डबा तेवढा वर पोचव."

प्रशिक्षणात तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती: औषध उन्हाने मरतं. ती तिने जिवापाड पाळली. डब्यातला बर्फ वाटेत वितळला की खिंडीतला कडक बर्फ फोडून ती कुप्यांभोवती दाबून भरायची. गोठूनही काही औषधं मरतात, हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगणाऱ्यांना कुठे ती खिंड चढायची होती!

या फाल्गुनात गावातल्या धनरूपाचा थोरला मुलगा खोकू लागला. उबळ आली की पोर निळं पडायचं, मग हूऽक करून श्वास आत ओढायचं. आठवड्यात चार घरं खोकू लागली, पुढच्या आठवड्यात अकरा.

"डांग्या खोकला? माझ्या गावात? काहीतरीच!" जौकला फणकारली. "एकेकाचं कार्ड भरलंय."

जिल्ह्याच्या सदरमुकामाहून नर्स सिर्जना चढून आली. तिने जौकलाची टोचणीची वही मागितली, खोकणाऱ्या पोरांची नावं शोधली. "दीदी, ही सगळी हिवाळ्यात टोचलेली." मग तिने स्वतःजवळची एक आणि जौकलाच्या डब्यात उरलेली एक, अशा दोन कुप्या हलवून खिडकीत ठेवल्या. अर्ध्या तासाने सिर्जनाची कुपी अजून दुधासारखीच पांढरी होती. जौकलाच्या कुपीत तळाशी चोथा बसला होता आणि वर नितळ पाणी.

"गोठलं होतं हे. वाया गेलं."

जौकलाने ती कुपी उचलून पुन्हा हलवली. "आणि मागच्या हिवाळ्यातलं? त्याच्या मागच्या?"

सिर्जनाने वही मिटून तिच्या हातात दिली. म्हणाली, "नवीन लस यायला आठ दिवस लागतील. तोवर तान्ही पोरं खोकणाऱ्यांपासून लांब ठेवायला सांग. तान्ह्यांना हा खोकला झेपत नाही."

जौकला तडक धनरूपाकडे गेली. चुलीपाशी थोरला ढास लागून वाकला होता, आणि शेजारीच धनरूपा तीन महिन्यांच्या मनिसराला पाजत बसली होती.

"पोरीला आधी माहेरी ने. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, हिला तूच नाही का टोचलंस माघात?" धनरूपा हसली. "मग घाबरतेस कशाला?"

जौकला उंबऱ्यातच बसली. "त्या औषधात जीव नव्हता गं. बर्फ घालून मीच मारलं ते."

धनरूपाचं हसू विरलं. तिने पोरीला पदराखाली ओढलं.

"तू टोचलंयस म्हणून मी हिला थोरल्याच्या कुशीत झोपवत होते, दीदी," ती म्हणाली. "दहा दिवस झाले."