दारावरचा राउटर आणि आईची फाइल

आई प्रसूती वॉर्डात नर्स होती. निवृत्तीनंतर दोन वर्षं ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर, दोन बोटांनी, तिथल्या आठवणी टाइप करत होती. "कॉपी काढून ठेवतो," असं मी कितीदा म्हणालो होतो, पण काढली नव्हती.

एका दुपारी लॅपटॉप सुरूच होईना. रिकव्हरीचा निळा स्क्रीन आला. फाइल्स तशाच ठेवून सिस्टिम पुन्हा टाकता येत होती, पण त्यासाठी इंटरनेट हवं होतं आणि तिथे आमचं वायफाय दिसतच नव्हतं. वायर थेट राउटरला जोडणं एवढंच उरलं. आमच्या बोरिवलीच्या घरात राउटर दाराच्या वर ठोकलेला आणि माझ्याकडची वायर जेमतेम हातभर. मी लॅपटॉप छातीशी धरून स्टुलावर चढलो. आईने खालून स्टूल घट्ट धरलं.

"सगळं गेलं का रे?"

"माहीत नाही गं. आत्ता बोलू नकोस ना."

डाउनलोड बारा टक्क्यांवर अडकलं. माझे हात भरून आले. वायर हलू नये म्हणून मी कोपर भिंतीला टेकवलं. आईने स्टुलावरची पकड सोडली नाही.

डाउनलोड संपल्यावरच मी उतरलो. पुढचा तासभर, सिस्टिम पुन्हा बसेपर्यंत, आम्ही टेबलाशी बसून होतो. शेवटी नेहमीचा स्क्रीन आला. मी फाइल उघडली. सगळी पानं जागेवर होती.

"सॉरी," मी म्हणालो.

आईने चष्मा लावून पहिलं पान वाचलं.

"आधी कॉपी काढ," ती म्हणाली. "चहा मग."