फोटोच्या पाठीवरचा आकडा

तीस वर्षं मी लोकांना तीनच गोष्टी सांगत आलो. हनुवटी खाली, डोळे उघडे, हसू नका. पांढरा पडदा, लाकडी स्टूल, दोन दिवे. स्टुलावरच्या माणसाला अर्ध्या मिनिटात उरकायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

शेजारचा फ्रेमवाला एकदा म्हणाला, "हे फोटो तुझे कुठायत? ते अर्जाचे. तुझ्या जागी बकरी उभी केली आणि बटण दाबायला शिकवली, तरी असेच येतील."

मी हसलो. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं. बावन्नाव्या वर्षी, आपला डोळा खरंच आपला आहे का, हे कुणाला विचारणार? मी मनाशी एक नेम केला. वर्षभर रोज एकच फोटो. लेन्स एकच, उजेड खिडकीचा, विषय हात. आवडला नाही तरी पुसायचा नाही. प्रिंटच्या पाठीवर तारीख आणि शटरचा वेग लिहायचा, म्हणजे आपण काय केलं ते उद्या नाकारता येणार नाही.

न्हाव्याचे हात काढले, टपालवाल्याचे काढले, कणीक मळणारे बायकोचे काढले. सगळे स्टुलावर बसवल्यासारखे. "हात आहेत की कोर्टातले साक्षीदार?" फ्रेमवाल्याने विचारलं.

मग ताईचे हात काढले.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आमच्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, तिचं शिलाई मशीन. आसपासच्या बायका कापड टाकून निघून जायच्या, माप द्यायलाही थांबायच्या नाहीत. तिच्या कात्रीला डोळे आहेत म्हणायच्या.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. उजेड कमी म्हणून मी शटर हळू ठेवलं, एक पंधरांश सेकंद. ताई सुईत दोरा ओवत होती. प्रिंट निघाला तेव्हा मी तो खिडकीशी धरून पाहिला. टेबलावर टेकवलेल्या डाव्या हातातली सुई धारदार, लख्ख. दोरा धरलेली उजवी बोटं मात्र धुरासारखी विरलेली. दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, हा फोटो दुसऱ्या कुणी काढला नसता.

दुसऱ्या दिवशी तसाच आला. नेम मोडून त्याच दिवशी न्हाव्यावरही तोच वेग लावून पाहिला, तिथे नुसता हललेला फोटो.

तिसऱ्या दिवशी मला कळलं. ताईचा हात थरथरत होता. मग बाकीचंही दिसलं. कापताना ती मनगट टेबलाच्या कडेला दाबून धरायची. हिशोबाची वही माझ्या बायकोकडे सरकवायची, "तूच लिही गं, माझा चष्मा सापडत नाही." चष्मा तिच्या डोक्यावर असायचा. बायको म्हणायची, "वन्सं, तुम्ही आता भुलक्कड झालात हं!" आणि दोघी हसायच्या.

ते सगळं मला दिसलं. मी ताईला काही विचारलं नाही. शटर आणखी हळू केलं.

सात महिने मी तिचे हात काढले. "माझ्या या खारकांत काय बघतोस रे?" ती म्हणायची. मी म्हणायचो, "उजेड छान पडतो." ती माझ्यासाठी खिडकीकडे सरकून बसायची.

वाचनालयाच्या सभागृहात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. एकवीस हात, त्यांतले अकरा ताईचे. चेहरा एकही नाही, तेव्हा ओळखणार कोण, असं मी मनाला सांगितलं होतं. बघायला आलेले एक समीक्षक म्हणाले, "ही तुमची स्वतःची शैली." माझी मान ताठ झाली. तेवढ्यात शाळेतल्या एक बाई मोठ्या फोटोसमोर थांबल्या. अंगठ्याच्या नखात मशीनची सुई घुसून झालेली खूण, ती चार गल्ल्यांना पाठ आहे.

"अगंबाई, हे आपल्या ताई! एवढा हात कापतो? आणि मी मुलीच्या लग्नाचं रेशीम दिलंय त्यांच्याकडे!"

दोन दिवसांनी त्या घरी आल्या. "घाई नाही हो ताई, तुम्ही आधी बऱ्या व्हा," असं गोड बोलून रेशीम घेऊन गेल्या. त्यांच्यामागून बाकीच्या. महिना संपायच्या आत मशीनवर चादर पडली.

ताईने मला हाक मारली तेव्हा तिच्या मांडीवर माझे प्रिंट होते.

"तुला कधी कळलं?"

"प्रदर्शनात. त्या बाई बोलल्या तेव्हा."

तिने एक फोटो उलटा केला, मग दुसरा, तिसरा, चौथा. शाळेत असताना ती माझी पाटी तपासायची, तशी. मीच तिला मागे एकदा कौतुकाने सांगितलं होतं, पाठीवरचा आकडा काय असतो, तो लहान केला की शटर हळू होतं आणि हलणारं जास्त पुसट येतं.

"इथं पंधरा. इथंही पंधरा. इथंही. आणि चौथ्या दिवशी चार." तिचं बोट आकड्यावर ठरत नव्हतं. "हा का बदललास रे?"

मी फरशीकडे बघत राहिलो.

"हनुवटी वर कर," ती म्हणाली. "मला तुझं तोंड बघायचंय."

मला ते जमलं नाही. तिने प्रिंट एकावर एक नीट रचून माझ्यापुढे ठेवले.

आता दुकानात जायच्या आधी मी दहा सुयांत दोरा ओवतो आणि तिच्या खिडकीत सुया टोचायच्या छोट्या गादीत खोचून ठेवतो. घरातल्या उशांचे अभ्रे, बायकोच्या साडीचे फॉल, एवढंच ती आता शिवते. संध्याकाळी कधी आठ सुया रिकाम्या असतात, कधी तीन.  मी खोलीत आलो की ती हात पदराखाली घेते.