मॅडमच्या भुवया

मंडळी, मी करमाडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. माझं राजकीय मत वर्गात कुणालाच कळत नाही, या माझ्या भ्रमाचा भोपळा आज फुटला.

नववीत चर्चा ठेवली होती: सरकारनं बायकांना एसटीचं अर्धं तिकीट दिलं, ते बरोबर की चूक? पोरं बोलेचनात. शेवटी आरती उठली.

"मॅडम, तुम्ही फळ्याकडं तोंड करून बसा. तुमच्या भुवया वर गेल्या की आम्ही मत बदलतो."

बसले बाई! मग पाठीमागं असा कल्ला झाला की विचारू नका. आरती तर माझ्या मताच्या पार उलट बोलली, आणि लई झकास बोलली!

घंटा झाल्यावर तीच म्हणाली, "आता वळा मॅडम. तुमचंबी ऐकायचंय आम्हाला."

"उद्या सांगते," म्हणून सुटले.

शिक्षक मंडळी, उद्या खरं सांगू का?