छापून आणलेलं प्रोटीन

धाकटी बहीण गेल्यावर दोन महिन्यांनी, वलगावला तिच्या घरी, रद्दीसाठी काढलेल्या ढिगातून मी भाचीची वही उचलली. भाची अकोल्याला एम.एस्सी. करत होती. आईच्या शेवटच्या आजारपणात आली ती परत गेलीच नाही. तिच्या मॅडमचा निरोप होता: येत्या सोमवारपर्यंत ये, नाहीतर वर्ष गेलं. “झालं माझं शिक्षण,” एवढंच ती म्हणायची. आमच्याकडे दुःखात कुणी कुणाला समजावत नाही, नुसतं जवळ बसतात.

वहीच्या पहिल्या पानावर आकडा आणि अक्षरं मिळून चार खुणांचा एक क्रमांक होता. त्यापुढे ‘आई’ असं लिहून खोडलेलं.

मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. क्रमांक दिसला की पुस्तक शोधायचं, ही सवय. अमरावतीला परतून मी तो संगणकावर टाकला. प्रोटीनच्या रचनांचं एक मोफत भांडार उघडलं आणि नोंद सापडली: सिकल सेलचं हिमोग्लोबिन. ज्या दुखण्याने बहीण गेली, तेच.

फाइल उतरवून घेतली. ती कशात उघडायची असं संगणकाने विचारलं, तेव्हा मी साध्या मजकुराचा पर्याय निवडला. एका ओळीत एक अणू. तो कोणत्या साखळीतला, कितव्या जागेवरचा, आणि पुढे तीन आकड्यांत त्याचा ठावठिकाणा. अशा हजारो ओळी. मला पडद्यावर वाचता येत नाही. पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले.

“काकू, फाइल बिघडली तुमची,” दुकानदार म्हणाला. “नुसते आकडेच येऊन राहिले. दीडशेच्या वर पानं हायेत.”

“सगळी काढा.”

“वाचनार कोन हे?”

“मी.”

बहिणीच्या डॉक्टरांनी एकदा समजावलं होतं की लांब साखळीत सहाव्या जागेवरचा एकच घटक बदललेला असतो, बाकी सगळं इतरांसारखं. तीन दिवस ओळीखाली पट्टी धरून मी ती जागा शोधली. तशा साखळ्या चार निघाल्या. चारही ठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या. त्या तीन दिवसांत मला झोपही बरी लागली.

शनिवारी गठ्ठा घेऊन वलगावला गेले. भाचीने दोरी सोडली, दोन पानं उलटली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

“मावशी, पागल झाली का तू? हे वाचाचं नसते, पाहाचं असते!”

आणि ती हसली. मोठ्याने. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. तिचे वडील आतून दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

“या चिठ्ठ्या कायच्या?”

“सहावी जागा.”

तिचं हसू थांबलं. “बोटानं शोधली तू?”

ती उठली, लॅपटॉप आणला. तीच फाइल तिने दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये उघडली. माझे दीडशे पानांचे आकडे गुंडाळलेल्या फितीसारखे पडद्यावर फिरू लागले. तिने सहाव्या जागेला लाल रंग दिला आणि चित्र मोठं केलं.

“हे दोन रेणू. याची लाल जागा त्याच्या खोबणीत जाऊन बसते. मंग असेच एकाले एक चिकटत जातात, अन् रक्ताची पेशी वाकडी होते.” तिचं बोट पडद्यावर थांबलं. “त्या खोबणीत आधीच दुसरं काही बसवता येईन का, तेच पाहून राहिलो होतो आमी.”

“मग? येईल?”

“मले का मालूम? अर्धंच झालं होतं.”

तिचे वडील आमच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी ती लाल जागा बराच वेळ पाहिली. मग हळूच म्हणाले, “बॅग माळ्यावर हाय. काढू?”

तिने मान डोलावली.

सोमवारी सकाळी ती बडनेऱ्याहून अकोल्याच्या गाडीत बसली. गठ्ठाही घेऊन गेली. “पाहाचं असते ना?” मी म्हटलं, तर म्हणाली, “राहू दे सोबत.”

गाडी मूर्तिजापूरला थांबली तेव्हा तिचा फोन आला.

“मावशी, तुयी तिसरी चिठ्ठी चुकली. सातव्या जागेवर लावली तू. मी सरकवली.”