साडूंनी गाडी विकली त्याची गोष्ट

अख्ख्या मावळ तालुक्यात माझ्या साडूंइतका उशिरा पोचणारा आणि पोचल्यावर त्यांच्याइतका टवटवीत दिसणारा दुसरा माणूस असेल असं मला वाटत नाही. आम्ही पुण्याहून गाडीनं वेळेवर पोचायचो, पण उतरताना आमची तोंडं आंबलेली असायची. एसी कुणी वाढवला आणि वळण कुणी चुकवलं यावर नवराबायकोत अबोला झालेला असायचा. आणि साडू, पंगत अर्धी उठल्यावर, धोतराला चिखल लागावा तशी पँट गुडघ्यापर्यंत मळवून, हातात कुणीतरी दिलेली काकडी खात, रस्त्यात भेटलेल्या माणसाला फाटकातून निरोप देत हसतमुखानं आत यायचे. पाय धुतल्याधुतल्या विचारायचे, "झालं का लग्न? छान! आता निवांत भेटता येईल सगळ्यांना."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको तिला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दोघं लोणावळ्याला राहतात. साडूंचा सारा जन्म तळेगावकडच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेला. त्यांच्या हाताखालून गेलेले गिअर किती गाड्यांत बसले असतील त्याची गणती नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर गाडी घेऊन तीर्थयात्रा करेल, नातेवाइकांकडे जाईल असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी गाडी विकली.

त्याचं निमित्त घडलं एका रविवारी. अक्कानं त्यांना बाजारातून साखर आणायला सांगितलं. जोडून सुट्ट्या आलेल्या, त्यामुळे मुंबई आणि पुणे अशी दोन्ही शहरं एकाच वेळी लोणावळ्यात चिक्की घ्यायला आलेली. साडू गाडी घेऊन निघाले आणि वळणावरच अडकले. बराच वेळ वाट पाहून त्यांनी गाडी बंद केली, कुलूप लावलं, चालत घरी आले, चहा केला, प्याले, कप विसळून ठेवला आणि परत गेले. गाडी होती तिथंच होती. "मागच्यानं हॉर्नसुद्धा वाजवला नव्हता हो," ते मला कौतुकानं सांगत होते, "त्याला वाटलं मी आतच आहे." मधल्या वेळात एक डुलकीही काढून झाली होती, ही पुरवणी अक्काची. त्या आठवड्यातच गाडी गेली.

पण एका रविवारच्या कोंडीसाठी कोणी गाडी विकतं का? मला या गोष्टीचं विलक्षण कुतूहल होतं. भेटतील तेव्हा मी त्यांना खोदून खोदून विचारायचो. लोणावळ्यात सायकल चालवावी तर चढ, रिक्षा मिळावी तर ती पर्यटकांच्या मागे, दुपारी पुण्याकडच्या लोकलच्या वेळांत भलीमोठी फट, आणि आत मावळात जायचं म्हटलं तर देवावर भरवसा. अशा ठिकाणी राहून हे का? ते जरा विचारात पडल्यासारखं करायचे आणि म्हणायचे, "मला बघायचं होतं, जमतं का." एवढंच. पर्यावरण, व्यायाम, बचत असलं एखादं भारदस्त कारण त्यांनी दिलं असतं तर वाद घालता आला असता. एखाद्याला नुसतं बघायचंच असेल तर त्याच्याशी भांडणार कसं?

या बघण्याचे त्यांचे काही नियम होते. दुसऱ्याच्या वाहनात बसायला त्यांची ना नव्हती. "म्हणजे गाडी लोकांची चालते तर!" मी एकदा टोमणा मारला. ते शांतपणे म्हणाले, "जे वाहन तिकडे निघालेलंच आहे, ते चालतं. माझ्यासाठी वाट वाकडी करणारं चालत नाही." त्यामुळे मी कितीदा म्हटलं, "न्यायला येतो," तरी ते येऊ द्यायचे नाहीत, आणि दुधाचा टेम्पो, वीटभट्टीचा ट्रक, मंडपवाल्याची खुर्च्या भरलेली गाडी यांत आनंदानं बसायचे. आमच्या पुण्यातल्या घराच्या वास्तुशांतीला ते गुलाबांच्या गाडीतून आले. पवनेकडच्या कुठल्याशा हरितगृहातली फुलं मार्केट यार्डात पहाटे पोचवावी लागतात, आणि साडू त्या फुलांबरोबर. गुरुजींच्या आधी, आमच्या अंघोळींच्या आधी, दुधाच्याही आधी ते दारात उभे. अंगाला गुलाबांचा असा घमघमाट की शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं. आयुष्यात ते लवकर पोचले असे ते एकदाच.

अक्काला कापसाची गादी पुन्हा भरून हवी होती. ती पिंजाऱ्याकडे नेणं आणि आणणं हे काम साडूंनी डोक्यावरून केलं. गादीची वळकटी डोक्यावर घेऊन हा माजी गुणवत्ता निरीक्षक लोणावळ्याच्या भर बाजारातून चाललेला असताना एक मोठी गाडी शेजारी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या बाईंनी विचारलं, "अंकल, कितने की दोगे?" साडूंनी गादी खाली ठेवून त्यांना कापसाचे प्रकार समजावून सांगितले, पिंजाऱ्याचा पत्ता दिला आणि पुन्हा गादी उचलली. "गाडी विकली आणि गादी विकायची वेळ आली," अक्का म्हणाली. हे सांगताना ती हसत होती. पण ते हसू पूर्वीसारखं मोकळं नव्हतं हे मला जाणवलं.

कारण अक्काचा जीव अडकला होता तिच्या आईत. आमच्या सासूबाई टाकवे बुद्रुकच्या पुढे एका वाडीत राहायच्या. मुलगा नोकरीपायी तळेगावात. पण सासूबाई म्हैस सोडून कुठंही यायला तयार नव्हत्या. गाडी होती तोवर अक्का मनात येईल तेव्हा आईकडे जाऊन यायची. आता लोकलनं कान्हे, तिथल्या फाट्यावरून जीपनं टाकवे, आणि पुढं पायी. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि मावळातली जीप भरली आहे असं जीपवाल्याला कधीच वाटत नाही. अक्काची कंबर धरायची. तिचं जाणं हळूहळू कमी झालं.

मग साडूच जायला लागले. दर गुरुवारी. सासूकडे दर आठवड्याला नेमानं जाणारा जावई हा आमच्या सगळ्या गोतावळ्यात थट्टेचा विषय झाला. ते जायचे, म्हशीला पाणी दाखवायचे, सासूबाईंच्या हातची तांदळाची भाकरी खायचे, तिकडच्या बातम्या घेऊन परत यायचे. जीपमध्ये त्यांची पुढची जागा ठरलेली. बायका त्यांना भाऊ म्हणायच्या. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा उभा भात पावसानं पडला, कुणाची पोरगी पोलीस भरतीत उतरली, सगळं त्यांना ठाऊक. "तुम्ही जीपमध्ये बसता की चावडीवर?" मी विचारायचो.

एका गुरुवारी ते वाडीत पोचले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी "आलात व्हय, जावयबापू" असं म्हणायचा प्रयत्न केला, पण शब्द तोंडातच घोळले. तोंड एका बाजूला गेलं होतं, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. साडूंनी मेहुण्याला फोन लावला, तो कामावर होता, लागला नाही. रुग्णवाहिकेला कळवलं, ती निघाली होती, पण यायला वेळ होता. मग शेजारच्या बाईला सासूबाईंजवळ बसवून, साठी उलटलेले साडू रस्त्यापर्यंत पळत गेले. समोरून जीप येत होती, खच्चून भरलेली. ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले.

"भाऊ, मरायचंय का?" जीपवाला ओरडला.

"आईला दवाखान्यात न्यायचंय. कामशेतला. आत्ता."

ही जीप फाट्यापर्यंतच जाणारी. कामशेत तिच्या वाटेवर नव्हतं. जीपवाल्यानं मागं वळून बघितलं. तो काही बोलायच्या आत मागच्या एका म्हाताऱ्या बाईनं कोंबड्यांची पाटी खाली टाकली आणि ती उतरली. "बघतुस काय येड्यावानी? घे जीप वाडीत. आमी जातो चालत." तिच्यामागोमाग बाकीचे उतरले. कुणाला फाट्यावर लोकल गाठायची होती, कुणाला पाळीवर जायचं होतं. दोघंतिघं तसेच जीपबरोबर वाडीत आले आणि सासूबाईंना घोंगडीवर घालून त्यांनी अलगद उचलून आणलं. सासूबाईंचं डोकं साडूंच्या मांडीवर, पाय एका अनोळखी माणसाच्या मांडीवर. जीप कुठंही न थांबता कामशेतला पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

अक्काला फोन गेला तो ऐन दुपारच्या फटीत. लोकल नाही, एसटी लांबलेली, रिक्षावाला कामशेतला यायला राजी होईना. तिनं कशी मजल दरमजल केली कोण जाणे, ती दवाखान्यात आली तेव्हा उन्हं कलली होती. मीही तोवर पुण्याहून पोचलो होतो. बाहेरच्या बाकावर साडू बसले होते. शर्टाला गवत, चपलेचा अंगठा तुटलेला. मी मोठ्या उत्साहानं अक्काला जीपची सगळी हकिगत सांगितली. म्हटलं, बघ, यांनी काय केलं!

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग साडूंच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पोचलात. मी नाही पोचले."

साडूंनी मान खाली घातली. 

"मी गाडी शिकणार आहे," अक्का म्हणाली.

"शीक," ते म्हणाले.

आणि ती शिकली. नातवंडं खेळवायच्या वयात लोणावळ्याच्या एका ड्रायव्हिंग क्लासात नाव घालून, खंडाळ्याच्या चढावर गाडी मागं घसरू न देता उभी करायला शिकली. जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. घरची गाडी म्हणजे आपलीच, असं धरून साडू तीत बसायचे नाहीत, पण रोज संध्याकाळी अंगणात उभं राहून ती मागं घ्यायला मदत करायचे. "येऊ दे... येऊ दे... अगं, येऊ दे म्हणजे तुळशीवर नव्हे!" गिअरचा जरासा आवाज आला की ह्यांच्या चेहऱ्यावर कळ उठायची. जन्मभर ज्यांची काळजी घेतली त्या गिअरच्या दात्यांचे हाल त्यांना बघवत नसत.

सासूबाई बऱ्यापैकी सावरल्या. हात थोडा अधू राहिला, हसू एका बाजूला कलतं झालं. दर गुरुवारी आता दोघंही जायचे. साडू सकाळी लवकर निघून लोकल आणि जीपनं, अक्का नंतर गाडीनं. कधी हे आधी, कधी ती. सासूबाईंनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्ये दोघं येगयेगळं का येत्यात? भांडान हाय का?" मी म्हटलं, "नाही आई, त्यांचं बरं चाललंय." खरंच बरं चाललं होतं. परत येताना अक्का तांदळाची पिशवी गाडीत टाकायची, आणि साडू जीपच्या पुढच्या जागेवरून तिला हात करायचे.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला धावपळ करायला लावली नाही. म्हैस शेजाऱ्यांनी नेली. साडूंचा गुडघाही त्याच सुमाराला बोलायला लागला, आणि डॉक्टरांनी जीपची उंच पायरी बंद केली. मग एक दिवस ते अक्काच्या गाडीत पुढं बसले, पट्टा लावला. अक्कानं गाडी सुरू केली.

परवा वाडीतलं घर उघडून झाडायला आम्ही चौघं निघालो. अक्का चालवत होती, झकास चालवते. मी आणि बायको मागं. कान्हे फाट्यावर वळताना रस्त्याकडेला एक म्हातारी बाई पिशव्या घेऊन उभी होती. साडूंनी अक्काच्या दंडाला हात लावला. अक्कानं गाडी कडेला घेतली. साडूंनी काच खाली केली.

"मावशी, कुठं टाकव्याला का? चला, बसा."

बाईनं वाकून आत बघितलं. सीटची स्वच्छ खोळ बघितली, मागं आम्हा दोघांना बघितलं, आणि आपल्या पिशव्या जरा जवळ ओढून घेतल्या.

"नगं, सायेब," ती म्हणाली. "तुमी व्हा फुडं. आमची जीप यील की आता."

साडू काच खाली ठेवून तसेच बसून राहिले. अक्कानं थोडी वाट बघितली, मग हळूच गाडी पुढं घेतली. टाकव्याचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली. बऱ्याच वेळानं साडू खिडकीबाहेर बघत, स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले,

"आमची जीप म्हणाली ती."