हिरव्या पिनांचा नकाशा

नूतन गेल्याचं शैलेशने फोनवर सांगितलं. आमच्या इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा गावच्या मराठी मंडळाचा तो अध्यक्ष. छातीत दुखायला लागल्यावर नूतन एकटीच गाडी काढून हॉस्पिटलला निघाली, वाटेत गाडी कडेला घेतली आणि... "ताई, ॲम्ब्युलन्स नाही, कुणाला फोन नाही," तो म्हणाला. मला रडू आलं नाही, संताप आला. महिना होत आला, अजून तो उतरलेला नाही.

संतापाचं कारण मंडळाच्या वेबसाइटवर आहे. या गावात बस नावालाच, गाडीवाचून माणूस पांगळा. नवी आलेली मुलं, ऑपरेशन झालेली माणसं, यांनी लिफ्ट मागायची कुणाकडे? नूतन युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत कामाला, प्रोग्रॅमिंगशी काडीचा संबंध नाही. तरी एका शनिवारी माझ्या किचनमध्ये बसून तिने मंडळाचा नकाशा केला. तयार नकाशा घ्यायचा, आपल्या घरावर पिन ओढून आणायची, पिन दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत नाव, फोन आणि सवडीचा वार लिहायचा. शेवटी मिळालेली कोडची ओळ उचलून वेबसाइटच्या पानात चिकटवली की झालं. "पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं आहे गं," म्हणाली. तिच्या पोळ्या मी खाल्लेल्या असल्यामुळे मला ते पटलं. लिफ्ट देणाऱ्याची पिन हिरवी, लिफ्ट हवी असणाऱ्याची नारिंगी, आणि ज्याची त्याने लावायची.

बघता बघता नकाशा हिरवागार झाला. नारिंगी पिन एकही नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत चालणाऱ्या देसाईकाकांनीही हिरवीच लावली. नूतन भडकली. "सगळे दाते, मागणारा कोणीच नाही. मग हा मॅप काय शोभेला केलाय मी? मागायची लाज वाटते तुम्हाला, बाकी काही नाही." आणि मग स्वतःच काकांना फिजिओकडे सोडून आली. "तुझी पिन कुठली?" मी विचारलं. "मला काय धाड भरलीय? हिरवी."

शोकसभेत एकेक जण उठून कौतुकाने सांगत होता, नूतनताईंनी कधी कुणाला त्रास दिला नाही. मला उठून निघून जावंसं वाटलं. अरे, द्यायचा होता ना त्रास! तिच्या घराभोवती हिरव्या पिनांचा गराडा, त्यातली एक माझी, मागच्याच रस्त्यावरची. स्वतः केलेल्या नकाशावर या बाईला एक पिन दाबता आली नाही... लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे तोंडावर म्हटलं असतं तर हसून तिने चहा टाकला असता. आता भांडायचं तरी कुणाशी?

पुढच्या बुधवारी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मुलगा सिडनीत, क्वेकर्स हिलला. "आई, जस्ट गेट अ टॅक्सी," म्हणाला. मीही टॅक्सीच बघत होते. मग तो नकाशा उघडला, माझी पिन नारिंगी केली आणि चौकटीत लिहिलं, बुधवारी सकाळी हॉस्पिटलला सोडायला आणि परत आणायला कुणीतरी हवं आहे. एवढं लिहिताना कान गरम झाले, खोटं कशाला सांगू.

थोड्या वेळाने शैलेशचा फोन आला.

"ताई, तुमच्या पिनचा कलर चुकून चेंज झालाय. नो वरीज, मी ग्रीन करून टाकतो."

"चुकून नाही," मी म्हटलं. "बुधवारी येतोस का?"