पालकांना त्याच दिवशी कळवावे

शाळेच्या कचेरीतल्या त्या बाईंना सगळे फोनबाई म्हणत. हुद्दा कारकुनाचा, अक्षर कामचलाऊ, फायली देवाच्या भरवशावर. पण आवाज असा, की इमारतीला आग लागल्याची बातमीही त्या चहा झाल्यासारखी देतील. पोराला ताप चढो, हात मोडो, घरी फोन त्यांनीच करायचा. त्यांची एक ठरलेली रीत होती. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. ‘घाबरू नका, पोर माझ्यासमोर बसलंय, तुम्ही या,’ एवढंच बोलायचं, बाकीचं समोरासमोर. हे ऐकून घाबरला नाही असा पालक त्यांना आजवर भेटला नव्हता. पण रीत ती रीत.

मग वरून, शिक्षण खात्याकडून, एक नियम आला. मुलगी म्हणून दाखल झालेल्या पोराने ‘मला मुलगा समजा’ म्हटलं, किंवा मुलाने ‘मुलगी समजा’ म्हटलं, किंवा वेगळ्या नावाने हाक मारायला सांगितलं, तर पालकांना त्याच दिवशी कळवावं. शिक्षकांच्या खोलीत कितीतरी चहा वादात थंड झाले. गणिताचे सर म्हणाले, “पोर आईबापांचं आहे, शाळेचं नाही. आपण लपवायचं आणि त्यांनी गल्लीत ऐकायचं, हा कुठला न्याय?” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, “घरी सांगण्यासारखं असतं, तर ते आधी आपल्याकडे कशाला आलं असतं?” दोन्ही बाजू मुलांच्या हिताचंच बोलत होत्या, त्यामुळे मुलांना विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. फोनबाई म्हणाल्या, “मी फोन करते. मत देत नाही.” ही चैन त्यांना पुढे फार दिवस परवडली नाही.

नववीच्या मुलींच्या संघातलं एक पोर. मैदानावर मैत्रिणी त्याला मुलाच्या नावाने हाका मारताना खेळाच्या सरांनी ऐकलं. “ही काय भानगड?” सरांनी थट्टेत विचारलं. पोराने थट्टा केली नाही. “सर, मी मुलगाच आहे. मला त्यांच्या खोलीत कपडे बदलायला लाज वाटते.” सर मनाने चांगले आणि नियमाला भिऊन असणारे, ते तडक मुख्याध्यापिकांकडे गेले.

“शाळा सुटायच्या आत फोन झाला पाहिजे,” मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

पोर कचेरीतल्या बाकावर येऊन बसलं. गुडघ्यावर मैदानाची माती तशीच होती.

“बाई, आज नका करू. आई आजीकडे गेलीय, आजी आजारी आहे. परवा येतेय. मग मी स्वतः सांगेन.”

“त्याच दिवशी, असं म्हटलंय नियमात.”

“बाबा आले की मला घेऊन जाणार?”

“हो.”

“तुम्ही नसणार ना तिथे?”

फोनबाई उठून मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. “परवापर्यंत थांबलो तर?”

“आणि उद्या तो बाप इथे येऊन म्हणाला, माझ्यापासून का लपवलंत, तर?”

“मी बोलेन त्याच्याशी.”

“बोलाल तुम्ही, बाई. नोकरी माझी जाईल.” मुख्याध्यापिका चिडून बोलत नव्हत्या. त्यांच्याही हाताला घाम आला होता आणि तो त्या पदराला पुसत होत्या.

फोनबाईंनी फोन लावला. बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. मागे यंत्रांची घरघर. “घाबरू नका, पोर माझ्यासमोर बसलंय, तुम्ही...” पुढचं ऐकायला तो थांबलाच नाही.

आला तो जिने चढत, धापा टाकत, कोपरापर्यंत ग्रीस माखलेला. थेट पोरासमोर गुडघे टेकून त्याचे हात, पाय, डोकं चाचपायला लागला. “कुठं लागलं? अगं बोल ना! दोन मजल्यांच्या मधे एक वकील अडकवून आलोय मी!”

पोर ओक्साबोक्शी रडायला लागलं. काय बोलायचं ते फोनबाईंनी मनात जुळवून ठेवलं होतं. पण तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी ते नियमाच्या भाषेत, एका दमात सांगून टाकलं.

बापाचा हात पोराच्या गुडघ्यावर होता. तो त्याने काढून घेतला. कचेरीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

“म्हणजे लागलं कुठंच नाही?”

“नाही,” फोनबाई म्हणाल्या.

“आणि हे सगळ्या शाळेला ठाऊक? मैत्रिणींना ठाऊक, मास्तरला ठाऊक. मी कोण, त्या घरातला भाडेकरू?” मग पोराकडे वळून, “मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मामाला म्हणाला होतात. असलं पोर माझ्या घरात निघालं, तर उंबरा चढू देणार नाही.”

“ते शेजाऱ्यांच्या पोराबद्दल बोललो होतो मी!”

“माहितीये,” पोर म्हणालं.

फोनबाई बापाला म्हणाल्या, “घरी नेऊन काय करणार तुम्ही?”

“बाई!” मुख्याध्यापिका ओरडल्या.

“पोर माझं आहे,” बाप म्हणाला. “तुम्हाला जाब देऊ?”

“तुमचंच आहे. कळायचा हक्क तुमचा होता, कळलं तुम्हाला. पुढचं मी विचारतेय.”

बाप आपल्या काळ्या हातांकडे बघत राहिला. “मला नाही माहीत,” तो म्हणाला. इतकं खरं उत्तर त्या कचेरीत बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. बापाच्या खिशातला फोन वाजला; पलीकडून वकील खोलीभर ऐकू जाईल असं ओरडत होते. “चल,” तो पोराला म्हणाला, “आधी त्यांना बाहेर काढू.” त्याने दप्तर उचललं. पोराचा हात मात्र धरला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नववीच्या वर्गातून गैरहजर मुलांची नावं आली. त्यांच्या घरी फोन करणं हे फोनबाईंचं रोजचंच काम, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. पहिला फोन त्यांनी कालच्याच पोराच्या घरी लावला.

“शाळेतून बोलतेय. पोर आज आलं नाही.”

“माहीत आहे. घरीच आहे. मीही कामावर गेलो नाही.”

“बरं आहे ना?”

“आहे.”

“त्याच्याकडे द्या फोन.”

“का? माझ्यावर विश्वास नाही?”

कुणाही पालकाशी फोनबाई अशा कधी बोलल्या नव्हत्या. “नाही,” त्या म्हणाल्या.

बापाने फोन आपटला, असंच त्यांना वाटलं. मग पावलं ऐकू आली, आणि दारावर टकटक. “उघड जरा. तुझ्या बाई आहेत फोनवर.” पुन्हा टकटक, या वेळी हळू. “मी आत येत नाही. फोन तेवढा घे.” मग आतली कडी निघाल्याचा आवाज.

“बाई?” रडून रडून आवाज बसला होता.

“मारलं का?”

“नाही. काहीच बोलले नाहीत.”

“खाल्लं का काही?”

“ताट दाराबाहेर ठेवलंय त्यांनी. आत्ता दिसलं.”

“जेवून घे. उद्या येणार शाळेत?”

मागून बापाचा आवाज आला, “तुझी आई येऊ दे. मग तिघं बसू. मग शाळा.”

“बाई, आई आल्यावर,” पोर म्हणालं, आणि ताट जमिनीवरून उचलल्याचा आवाज आला.

फोनबाईंनी पुढच्या गैरहजर पोराच्या घरचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी ‘हॅलो, हॅलो’ म्हणत राहिलं, आणि आपण फोन कुणाला केलाय हेच त्यांना आठवेना.